दोन निळ्यांमधील निवड

घरातील एखाद्या खोलीस निळा रंग द्यावयाचे ठरले म्हणजे दुकानदार नमुन्यांची पट्टी पुढे करतो, आणि पुष्कळ पाहून झाल्यावर गृहस्थाची निवड दोन रंगांवर येऊन अडते. हे दोन रंग इतके जवळचे असतात की दुकानात त्यांतील फरक शब्दांत सांगणे कठीण पडावे. एकात जांभळ्याची किंचित झाक वाटते, दुसऱ्यात हिरव्याची. पण ती खरोखर झाक आहे की नुसता भास, याविषयी बरोबर आलेल्या माणसांतही एकमत होत नाही. अखेरीस कोणीतरी कंटाळून 'दोन्ही सारखेच' असे म्हणतो आणि एकावर बोट ठेवतो. पुढे भिंतीवर रंगाचे दोन हात बसतात तेव्हा असे दिसून येते की ते दोन्ही सारखे नव्हते, आणि जो निवडला तो दुकानात दिसला होता तसाही नाही. तोपर्यंत रंगाऱ्याची मजुरी दिली गेलेली असते, सामान पुन्हा जागेवर लागलेले असते, आणि घरातील मंडळींना पुढील कित्येक वर्षे त्याच भिंतींकडे पाहावयाचे असते.

या फसगतीचे मूळ एका साध्या समजुतीत आहे. रंग हा डब्यात असतो, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः डब्यात असते ते रंगद्रव्य. रंग म्हणून जे काही दिसते ते तीन गोष्टींच्या संयोगाने सिद्ध होते: खोलीत येणारा प्रकाश, त्या प्रकाशातील कोणता भाग भिंत गिळते व कोणता परत फेकते, आणि तो परत आलेला भाग ग्रहण करणारा डोळा. तांबड्या किंवा पिवळ्या रंगांच्या बाबतीतही हे खरेच आहे. परंतु निळ्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी विशेष चंचल आहेत.

हा विषय बंगळूरच्या संदर्भात मांडणे दोन कारणांनी उचित ठरते. एक म्हणजे त्या शहरातील उजेडाचे काही विशेष, ज्यांचा विचार पुढे येईल. दुसरे असे की, निळ्या रंगाचा ध्यास आयुष्यभर बाळगणारे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या उत्तरायुष्यातील संशोधन याच शहरात केले. १९२१ च्या सप्टेंबरात इंग्लंडहून 'नारकुंडा' या बोटीने परत येत असताना त्यांच्यापुढे जो प्रश्न होता तोही, एका दृष्टीने, दोन सारख्या दिसणाऱ्या निळ्यांचाच होता. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ पाण्यात प्रतिबिंबित झालेले आकाश होय, असे लॉर्ड रॅली यांचे मत होते. रामन यांनी निकोल प्रिझममधून अशा कोनातून पाण्याकडे पाहिले की पृष्ठभागावरून परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश जवळजवळ नाहीसा व्हावा. तरीही समुद्र निळाच राहिला. किंबहुना अधिक गहिरा झाला. त्यांचे टिपण त्याच वर्षी 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर त्यांचा भर होता. पाणी स्वतः तांबडा प्रकाश थोडा थोडा शोषून घेते, याचाही त्या निळेपणात मोठा वाटा आहे, हे आज मान्य झाले आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निष्कर्षाहून पद्धत महत्त्वाची आहे. दोन कारणे एकात मिसळली असता त्यांतील एक बाजूला सारावे आणि काय उरते ते पाहावे. भिंतीचा रंग निवडताना नेमके हेच करावयाचे असते.

१९४८ मध्ये बंगळूर येथे आपली स्वतःची संशोधनसंस्था स्थापन केल्यानंतर रामन फुलांच्या, रत्नांच्या आणि खनिजांच्या रंगांकडे वळले. १९६८ मध्ये त्यांचा दृष्टिविषयक ग्रंथ बंगळूर येथूनच प्रसिद्ध झाला. फुलांच्या पाकळ्यांतून येणारा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहून, निळी दिसणारी वस्तू केवळ निळा प्रकाश परत पाठवते म्हणून निळी दिसते असे नव्हे, तर वर्णपटातील पिवळा भाग ती गिळून टाकते ही गोष्ट निर्णायक आहे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. डोळ्यातील तीन प्रकारच्या ग्राहकांचा सिद्धान्त मात्र त्यांना मान्य नव्हता. त्यांचा तो विरोध पुढील संशोधनापुढे टिकला नाही, हेही येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. निरीक्षण अचूक असणे आणि त्यावर उभारलेला सिद्धान्त बरोबर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता दुकानातील त्या दोन पट्ट्यांकडे वळू. जांभळी झाक असलेल्या निळ्यात अल्ट्रामरीन हे रंगद्रव्य आहे, आणि हिरवट झाक असलेल्यात थॅलोसायनीन हे ताम्रयुक्त रंगद्रव्य आहे, असे समजा. पहिले माजघराला पुष्कळ जुने परिचित आहे. कपड्यांना देण्याची नीळ म्हणून जी पूड मिळते ती पूर्वीच्या नीळवनस्पतीची नव्हे. नाव तेच राहिले, पण पुडीत बहुधा हे अल्ट्रामरीनच असते. लाजवर्दी दगड कुटून मिळणारे हे द्रव्य १८२८ च्या सुमारास कृत्रिम रीतीने तयार करण्याची युक्ती फ्रान्स व जर्मनीत सापडली आणि सोन्याच्या मोलाची वस्तू वाण्याच्या दुकानात आली. थॅलोसायनीन त्या मानाने अर्वाचीन. ते १९३५ मध्ये बाजारात आले आणि आज छपाईच्या शाईपासून भिंतीच्या रंगापर्यंत सर्वत्र आढळते.

या दोन द्रव्यांचे वर्तन वर्णपटावर तपासले असता फरक ध्यानात येतो. डोळ्यास दिसणारा प्रकाश सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. अल्ट्रामरीन ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा-नारिंगी भाग गिळते, निळा व जांभळा भाग परत पाठवते, आणि वर्णपटाच्या अगदी तांबड्या टोकाशी पुन्हा थोडा प्रकाश सोडून देते. ही तांबडी शेपटीच त्याच्या जांभळट झाकेला पुष्टी देते. थॅलोसायनीन नारिंगी आणि तांबडा हे दोन्ही भाग जवळजवळ संपूर्ण गिळते. उलट ४८० नॅनोमीटरच्या पुढील, म्हणजे निळा जेथे हिरव्याकडे झुकतो तेथील प्रकाश ते उदारपणे परत पाठवते. पांढरे द्रव्य भरपूर मिसळून दोन्ही फिके केले की हा भेद सौम्य होतो, परंतु पुसला जात नाही.

हा भेद डोळ्यास दिसेल की नाही, हे वरून पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असते. कारण जो प्रकाश मुळात आलाच नाही तो भिंत परत कोठून पाठविणार? जुन्या तारेच्या दिव्यात तांबडा भाग विपुल आणि निळा तुटपुंजा असे. त्याच्या उजेडात अल्ट्रामरीनची तांबडी शेपटी उजळून निघे व भिंत जांभळी भासे, तर थॅलोसायनीनची भिंत मलूल, करड्या-हिरवट रंगाकडे झुके. देवघरातील समईच्या ज्योतीत हा परिणाम याहूनही तीव्र असतो. आजच्या एलईडी दिव्याची घडण निराळी आहे. त्यात सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणारा स्फटिक असतो आणि त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप असतो. निळ्याचे टोक आणि पिवळ्याची टेकडी यांच्या मध्ये, नेमकी ४८० नॅनोमीटरच्या आसपास, एक दरी पडते. आणि सामान्य प्रतीच्या दिव्यात तांबड्या टोकाचा प्रकाशही तोकडाच असतो. म्हणजे ज्या दोन ठिकाणी आपल्या दोन निळ्यांत खरा फरक आहे, त्या दोन्ही ठिकाणी हा दिवा कंजूष आहे. दुकानात डोक्यावर असे दिवे लावलेले असतात, आणि तेथे 'दोन्ही सारखेच' असा निर्वाळा देणारा माणस डोळ्यांनी अधू असतो असे मुळीच नाही. त्या उजेडात ते बरेचसे सारखे होऊ शकतात. एका प्रकाशात जुळणारे आणि दुसऱ्या प्रकाशात फुटणारे असे रंगांचे जोड कापडाच्या व्यापारात फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. साडीवर चोळीचे कापड जुळविताना ते दुकानाबाहेर नेऊन उन्हात पाहण्याची स्त्रियांची रीत या ज्ञानावरच उभी आहे, आणि रंगाच्या दुकानात ती पाळली जात नाही हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

पण दुकानाबाहेरचा उजेड तरी एकच कोठे असतो? गृहसजावटीच्या पाश्चात्त्य पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीतील प्रकाश थंड, निळसर आणि दिवसभर स्थिर असतो, असे सांगितलेले आढळते. लंडनच्या अक्षांशावर ते बरेचसे खरे आहे. बंगळूर मात्र विषुववृत्तापासून केवळ तेरा अंश उत्तरेस आहे. एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तेथे मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडून जातो. या काळात सकाळी व सायंकाळी तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतून सरळ आत येते. भरदुपारी सूर्य फार उंच असल्याने छज्जा त्याला अडवितो. पुढे हिवाळ्यात त्याच खिडकीत उन्हाचा कवडसाही पडत नाही. तेथे येतो तो निरभ्र निळ्या आकाशाचा विखुरलेला प्रकाश. या दोन प्रकाशांत मोठे अंतर आहे. रंगतापमानाच्या भाषेत सांगावयाचे तर थेट उन्हाचा आकडा सुमारे ५,५०० केल्विन असतो, तर निळ्या आकाशाचा १०,००० केल्विनच्याही वर जातो. मधल्या पावसाळी महिन्यांतील ढगाळ उजेड त्यांच्या दरम्यान, ६,५०० च्या आसपास राहतो. अर्थात डिसेंबरात उत्तरेच्या खोलीसाठी निवडलेला निळा जूनमध्ये निराळा वाटला, तर त्यात रंगाऱ्याचा दोष नाही. पुणे, नागपूर किंवा बेळगाव येथील वाचकाने हाच हिशेब आपल्या गावाच्या अक्षांशावरून करावा. जसजसे उत्तरेस जावे तसतसा हा उत्तरायणातील काळ आखूड होत जातो आणि कर्कवृत्तापलीकडे तो नाहीसाच होतो.

खिडकीतून आलेला प्रकाश थेट भिंतीवरच पडतो असेही नाही. बंगळूरच्या जुन्या घरांतून तांबड्या ऑक्साइडची गुळगुळीत जमीन अद्याप पाहावयास मिळते. तिच्यावर पडलेले ऊन तांबूस होऊन भिंतीच्या खालच्या भागावर चढते, आणि अल्ट्रामरीनची भिंत तेथे अधिकच जांभळी होते. खिडकीबाहेर दाट पर्जन्यवृक्ष असेल तर त्याच्या पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो. तो थॅलोसायनीनला मोरपंखीकडे ओढतो. याशिवाय भिंती एकमेकींवरही प्रकाश टाकतात. समजा, एखादा फिका निळा रंग आपल्यावर पडलेल्या निळ्या प्रकाशापैकी ६० टक्के व पिवळ्यापैकी ४० टक्के परत पाठवितो. एकदा परावर्तन झाल्यावर निळ्याचे पिवळ्याशी प्रमाण दीडपट होते. तोच प्रकाश समोरच्या भिंतीवर जाऊन पुन्हा परतला की प्रमाण सव्वादोन पट, आणि तिसऱ्या खेपेस जवळजवळ साडेतीन पट होते. खोलीत डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश या सर्व खेपांची बेरीज असतो. म्हणून चारही भिंती रंगविल्या की रंग पट्टीवरच्यापेक्षा गडद व भडक वाटतो, आणि तो कोपऱ्यात सर्वांत अधिक गडद होतो. अनुभवी रंगारी 'आवडला त्याहून एक घर फिका घ्या' असा सल्ला देतात, त्याच्या मुळाशी हे साधे गणित आहे. पट्टीवरील नमुना दोन चौरस इंचांचा असतो आणि बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीच्या भिंतींचे क्षेत्रफळ, दारे-खिडक्या वजा जाता, चारशे चौरस फूट भरते. म्हणजे सुमारे तीस हजार पट.

नमुन्याच्या लहानपणाचा आणखी एक तोटा आहे, आणि तो केवळ निळ्यालाच लागू पडतो. डोळ्याच्या मागील पटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी निळ्या टोकाच्या प्रकाशाला जाणणाऱ्या पेशी फारच थोड्या, एकूण शंकुपेशींच्या दहा टक्क्यांहूनही कमी असतात. आणि पटलाच्या अगदी मध्यबिंदूवर, जेथे दृष्टी सर्वांत तीक्ष्ण असते तेथे, त्या जवळजवळ नसतातच. त्या मध्यभागावर पिवळ्या द्रव्याचे एक पातळ आवरणही असते, ते निळा प्रकाश अडविते. परिणामी अत्यंत लहान निळा ठिपका टक लावून पाहिला तर त्याचा निळेपणा नीट ठरविता येत नाही. एक इंच रुंदीचा नमुना तीन मीटरवरून पाहिला तर तो डोळ्याशी जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतो, आणि एवढ्या लहान क्षेत्रात दोन निळ्यांचा सूक्ष्म भेद ओळखणे हे डोळ्याच्या शक्तीबाहेरचे ठरू शकते. भिंत मात्र दृष्टीचे सारे क्षेत्र व्यापते. प्रकाश व वर्ण यांचे मापन ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने १९३१ मध्ये दोन अंशांच्या क्षेत्रासाठी प्रमाण निरीक्षक निश्चित केला होता. मोठ्या क्षेत्रात रंग निराळे जुळतात असे आढळल्यावरून १९६४ मध्ये त्याला दहा अंशांच्या क्षेत्रासाठी दुसरा प्रमाण निरीक्षक स्वीकारावा लागला. निळ्याचा हट्टीपणा पुढेही चालूच राहिला. दोन रंगांतील अंतर आकड्यात सांगणारे जे सूत्र २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात केवळ निळ्या प्रदेशासाठी एक स्वतंत्र दुरुस्तीचे पद घालणे भाग पडले.

आणि डोळे तरी सर्वांचे कोठे सारखे असतात? वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. पिवळे भिंग प्रथम निळाच प्रकाश अडविते. मनुष्याला त्याची जाणीव होत नाही, कारण हा बदल वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलांनी होतो आणि मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. परंतु सत्तरीच्या आजी आणि विशीतली नात एकाच पट्टीवरील दोन निळ्यांकडे पाहत असतील, तर त्यांच्या दृष्टिपटलांवर पोहोचणारा प्रकाश एक नसतो. नातीला जो भेद ढळढळीत दिसतो, तो आजींना खरोखरच दिसत नसेल. किंवा नातीला फिका व प्रसन्न वाटणारा निळा आजींना करडा व उदास वाटत असेल. घरोघरी यावरून वाद होतात आणि ते वृद्धांच्या हेकटपणावर घातले जातात, हे अन्यायाचे आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन नवे, स्वच्छ भिंग बसले की हीच मंडळी निळा रंग पाहून चकित होतात. चित्रकार क्लोद मोने यांच्यावर १९२३ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना जग विलक्षण निळे दिसू लागले होते. तेव्हा ज्या वृद्ध माणसाच्या खोलीस रंग द्यावयाचा त्याच्या डोळ्यांनीच निवड व्हावी; आणि शस्त्रक्रिया नजीक असेल तर रंगकाम तिच्यानंतर काढावे.

निवडीची रीत यावरून आपोआप ठरते. दोन्ही रंगांचा लहानात लहान डबा आणून, हात दीड हात लांबीरुंदीच्या दोन पांढऱ्या पुठ्ठ्यांवर वा फळ्यांवर प्रत्येकी दोन हात द्यावेत आणि ते पुरते वाळू द्यावेत. ओल्या रंगावरून मत बनवू नये: इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होते, तर चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसून वाळल्यावर फिका पडतो. जुन्या पिवळ्या भिंतीवरच नमुना ओढून पाहणे सोयीचे असले तरी ते टाळावे, कारण पिवळ्याच्या शेजारी कोणताही निळा वाजवीपेक्षा अधिक निळा भासतो. दोन्ही फळ्या शेजारी शेजारी ठेवल्याने फरक कळतो, पण रंग कळत नाही. खोलीत राहणाऱ्यास तर एकच रंग दिसणार असतो. म्हणून एका वेळी एकच फळी मांडावी: प्रथम खिडकीसमोर, मग खिडकीच्याच भिंतीवर जेथे उजेड सर्वांत कमी तेथे, आणि मग कोपऱ्यात. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि दिवा लावल्यावर ती पाहावी. दिवा त्या खोलीत कायम राहणार तोच असावा. दिवेलागणीची वेळ वगळू नये. मंद उजेडात डोळ्याची संवेदनशीलता निळ्याकडे सरकते, हे पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. त्या अर्ध्या तासात निळी भिंत इतर वस्तूंच्या मानाने उजळ दिसू लागते, आणि पुष्कळांना आवडते ती तीच. निजण्याची खोली असेल तर सायंकाळचा व दिव्याचा कौल मानावा, अभ्यासाची असेल तर दिवसाचा.

भिंतीची प्रकृतीही विचारात घ्यावी लागते. नव्या गिलाव्यात चुन्याचा व सिमेंटचा क्षार जिवंत असतो. प्रशियन निळा हा एकेकाळचा लोकप्रिय रंग अशा भिंतीवर टिकत नाही. क्षाराने त्याचे विघटन होऊन तपकिरी डाग पडतात. अल्ट्रामरीन व थॅलोसायनीन दोन्ही चुन्याला टिकतात, आणि म्हणूनच चुन्यात नीळ घालून भिंती रंगविण्याची चाल निर्वेधपणे चालत आली. अल्ट्रामरीनला भय आहे ते आम्लाचे: लिंबू किंवा चिंचेचे पाणी अशा भिंतीवर उडाले तर तेथे तो उडून जाऊ शकतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत हे एवढे कारणदेखील निवड दुसऱ्या बाजूला झुकविण्यास पुरेसे आहे.

निवड झाल्यावर लागणारा सर्व रंग एकाच वेळी, एकाच घाण्याचा आणावा. यंत्रावर मिसळलेल्या दोन डब्यांतही थेंबभर द्रव्याचा फरक राहू शकतो, आणि फिक्या निळ्यात तेवढाही भिंतीच्या मध्यावर रेघ उमटवितो. सारे डबे मोठ्या पिंपात ओतून, ढवळून एकजीव करावेत व मगच रंगाऱ्याच्या हाती द्यावेत. थोडा रंग झाकणबंद डब्यात पुढील डागडुजीसाठी काढून ठेवावा, आणि त्यावर रंगाचा क्रमांक व तारीख लिहून ठेवावी.